हावोद लासची शीळ

मेंढ्या विकल्या आणि इथेलचे हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांनी त्याने घरात उच्छाद मांडला. धडधाकट फाटकाची बिजागरी काढून पुन्हा बसवली. कोठीतली अवजारं एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर टांगली. स्वयंपाकघरातला नळ गळत नव्हता, तो 'दुरुस्त' करून गळता केला. उजाडायच्या आत उठायचा, बूट चढवायचा आणि दारात उभा राहून डोंगराकडे बघायचा, कारण जायचं कुठे हे ठरवायचं राहिलेलं असायचं.

"बस रे जरा," त्याची बायको तेग्वेन म्हणायची. "तुला बघून मलाच धाप लागते. विश्रांती हवी म्हणून विकल्या ना मेंढ्या?"

"बसलोय की."

"उभा आहेस तू, इथेल."

विकायला कारण होतं आणि ते वाईट नव्हतं. त्याच्या कमरेचं हाड कुरकुरत होतं. मुलगी कार्डिफला शाळेत शिकवत होती. तिला मेंढीचा वास सोसत नसे, मटण मात्र चालायचं. हावोद लासची शेती पुढे करणारं कुणी नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी सरकारची नवी योजना आली. डोंगराला जरा मोकळा श्वास घेऊ द्या, वरची दलदल पाण्याने भरू द्या, म्हणजे खालच्या गावांत पूर येणार नाही; आणि एवढं केलंत तर आम्ही तुम्हाला वर्षाकाठी पैसे देऊ. समजावून सांगायला हेलेद नावाची एक तरुण मुलगी आली होती. बूट स्वच्छ, पण मनाने सरळ. तेग्वेनचा मनुकांचा पाव तिने दोनदा मागून घेतला, तेव्हाच तेग्वेनचं मत बनलं.

सरकारचं एक बरं असतं. ते कधी चुकत नाही, फक्त त्याचं मत बदलतं. इथेल शाळेत होता तेव्हा सरकार म्हणालं, मेंढ्या वाढवा, दर मेंढीमागे अनुदान. बापाने वाढवल्या. मग म्हणालं, दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन, चर खणा, पाणी काढा. चरालाही अनुदान. बापलेकांनी कंबर मोडेस्तोवर चर खणले. आता तेच चर बुजवायला अनुदान होतं, आणि बुजवायलाही इथेलच होता.

"अजून वीस वर्षं जगलो तर पुन्हा खणायला बोलवाल," तो हेलेदला म्हणाला. ती हसली नाही. तिला ते अगदीच खोटं वाटलं नसावं.

एक मात्र खरं. चर बुजवल्यावर वर पाणी साचलं, पांढऱ्या बोंडांचं गवत आलं, आणि मार्चात एका सकाळी लांब वाकड्या चोचीचा तो पक्षी ओरडला, ज्याचा आवाज इथेलने लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. इथेलला बरं वाटलं. घरी येऊन त्याने तेग्वेनला त्या पक्ष्याची नक्कलही करून दाखवली.

गडबड दुसरीकडे होती. आमच्या डोंगराला कुंपण नाही. कधीच नव्हतं, घालायची परवानगीही नाही. सगळ्या शेतांच्या मेंढ्या एकाच उघड्या डोंगरावर चरतात, आणि तरी एकाची मेंढी दुसऱ्याच्या तुकड्यात फारशी शिरत नाही. आई कोकराला घेऊन हिंडते आणि कोकरू शिकतं: त्या खडकापर्यंत आपलं, ओढ्यापलीकडे त्यांचं. याला आम्ही कनेविन म्हणतो. शेत दुसऱ्या हातात गेलं तरी कळप शेताबरोबरच राहतो, कारण बाजारातून आणलेल्या मेंढीला हे शिकवायला डोंगरावर कुणी नसतं. आणि हद्द नुसत्या आपल्या मेंढीने टिकत नाही. ओढ्यापलीकडे शेजाऱ्याची मेंढी डोळे वटारून उभी असते, म्हणूनही टिकते.

हे इथेलला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? आणि ठाऊक नसतं तरी नेस्टाने त्याला तोंडावर सांगितलं होतं.

नेस्टा ओढ्यापलीकडच्या पन्त मौर या शेताची. तिचा बाप ग्विलिम म्हणजे इथेलचा जिवाभावाचा दोस्त. तो गेल्यावर ही पोरगी एकटीने शेत ओढत होती, तेही खंडाने घेतलेलं. हावोद लासच्या मेंढ्या बाजारात जायच्या आधी ती मुद्दाम खालच्या शेतांमधल्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती.

"इथेलकाका, सगळ्या नका हो काढू. थोड्या म्हाताऱ्या ठेवा वर. तुमच्या गेल्या की माझ्या तुमच्या गवतात शिरणार."

"तुझ्या शहाण्या आहेत गं. ग्विलिमच्या हातच्या आहेत त्या."

"म्हाताऱ्या शहाण्या आहेत. तरण्यांना कसली अक्कल? हिरवं दिसलं की त्या निघाल्या. आणि एकदा का त्यांनी कनेविन सोडलं, की माझं काय राहिलं? पन्त मौर म्हणजे तो कळपच आहे."

"मी आहे ना! एक जरी अलीकडे आली तरी मी परत पाठवीन. शब्द देतो तुला."

आणि भिंतीवरून हात पुढे करून त्याने तो दिला. थोड्या म्हाताऱ्या ठेवता येतात का, हे हेलेदला विचारणं सोपं होतं. पण विचारलं असतं तर कदाचित 'हो' म्हणाली असती, आणि मग पुन्हा डोंगर चढणं आलं. त्याने विचारलं नाही, सगळ्याच काढल्या.

मे महिना आला. पन्त मौरच्या मेंढ्या कोकरांसह वर चढल्या. हिवाळाभर समुद्रकाठच्या कुरणांत राहून आलेल्या तरण्या मेंढ्याही त्यांच्यामागून गेल्या. इथेल दारात उभा राहून बघत होता. म्हाताऱ्या आपल्या ओढ्यापाशी थांबल्या. तरण्या थांबल्या नाहीत. पलीकडे कुणीच डोळे वटारत नव्हतं, आणि गवत तर असं वाढलेलं, की मेंढीच्याच काय, माणसाच्याही तोंडाला पाणी सुटावं.

"आल्या!" इथेल ओरडला आणि टोपी घेऊन धावला. तेग्वेनने खिडकीतून पाहिलं. कुरकुरणाऱ्या कमरेचा माणूस बरा पळत होता.

त्या दिवसापासून रोज सकाळी इथेल आणि त्याचा कुत्रा पेरो डोंगरावर. पेरोने मेंढ्या वळवायच्या, ओढ्यापार घालवायच्या, दोघांनी घरी यायचं. दुपारी बघावं तर मेंढ्या पुन्हा अलीकडे. पुन्हा चढायचं. मेंढ्या होत्या तेव्हा इथेल एवढा डोंगर कधी चढला नव्हता. खालच्या रस्त्यावरून चार चाकांच्या मोटरसायकलवर जाणारा एल्वेद, ज्याची जीभ त्याच्या गाडीपेक्षा जोरात धावते, रोज थांबून हाक मारायचा.

"काय रे इथेल, मेंढ्या विकल्यास ना? मग हे मेंढरू कोण चढतंय?"

"सरकारने नेमलंय मला. मेंढीच्या जागेवर."

"मग लोकर कातरायला कधी येऊ?"

"आधी तुझी जीभ कातरू."

अशी मजा चालली होती. इथेल हसत होता, जेवत होता, रात्री गाढ झोपत होता. तेग्वेनला वाटलं, चला, रुळला एकदाचा.

पण पेरो म्हातारा. जूनमध्ये एका सकाळी तो अर्ध्या चढावर बसला आणि उठेना. इथेलने त्याला कडेवर घेऊन खाली आणलं. दुसऱ्या दिवशी एकटाच निघताना त्याला कोठीत उरलेलं गोळी पेंडीचं अर्धं पोतं दिसलं. त्याने खिसे भरले. वर पोचून बापाची जुनी शीळ घातली, हावोद लासच्या कळपाला बोलवायची, एक लांब आणि मागोमाग दोन तुटक. पन्त मौरच्या तरण्यांनी माना वर केल्या. त्याने मूठभर पेंड दाखवली, आणि अख्खी टोळी त्याच्यामागून ओढ्यापार आली. पलीकडे पेंड टाकून तो परतला. किती सोपं! कुत्रा नको, धावाधाव नको.

दोन-चार दिवसांनी ओढ्यातल्या दगडांवरून जाताना त्याची कंबर लचकली. मग तो ओढ्याच्या अलीकडेच पेंड टाकू लागला. आता वाट माहीत झालीय, जातील आपल्या आपण, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्या जात नव्हत्या. तिथेच थांबायच्या, दुसऱ्या दिवशी खडकापाशी त्याची वाट बघत. पुढे तर शीळ ऐकताच धावत सुटायच्या. त्यातल्या एकीच्या डोळ्याभोवती काळा डाग होता. ती सरळ त्याच्या खिशात तोंड घालायची आणि तो म्हणायचा, "अगं हो हो, काळे, तुझ्या बापाचा खिसा आहे का?" म्हणायचा आणि खिसा अजून पुढे करायचा.

पोतं संपलं तेव्हा त्याने गावातून नवं आणलं. तेग्वेनने पोत्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"कोंबड्यांना," तो म्हणाला.

"आपल्याकडे कोंबड्या नाहीत."

"घेऊ की."

घरात शांतता होती, नळही गळायचा थांबला होता, आणि ती मोडायचं तेग्वेनच्या जिवावर आलं.

जुलैत लोकर कातरायचा दिवस ठरला. आमच्याकडे हे काम सावडीने चालतं. सगळ्या शेतांनी मिळून डोंगर झाडून काढायचा, मेंढ्या खाली आणायच्या, आज तुझ्या कातरू, उद्या माझ्या. इथेलच्या कुणी कातरणार नव्हतं, कारण कातरायला काही नव्हतंच. तरी तो सगळ्यांच्या आधी हजर. डोंगराच्या पायथ्याशी दगडी भिंतींचे कोंडवाडे आहेत, प्रत्येक शेताचा वेगळा. वरून उतरणारा कळप सवयीने आपापल्या कोंडवाड्याकडे वळतो. इथेलने आयुष्यभराच्या सवयीने हावोद लासच्या कोंडवाड्याचं फाटक उघडलं आणि त्याला टेकून उभा राहिला.

"कुणाची वाट बघतोस?" एल्वेद म्हणाला. "सरकारची?"

मग वरून कुत्र्यांचा, माणसांचा आणि मेंढ्यांचा गलका आला, आणि पांढरा लोंढा उतारावरून खाली आला. सगळ्यांत मागे नेस्टा, घामाघूम, आनंदात. पन्त मौरच्या म्हाताऱ्या मेंढ्या भारदस्तपणे आपल्या कोंडवाड्यात शिरल्या. तरण्या त्यांच्या मागोमाग होत्या. तेवढ्यात काळीने मान वळवली आणि तिला फाटकाला टेकलेला इथेल दिसला.

त्याने शीळ घातली नव्हती. गरजच पडली नाही. काळी कळपातून फुटली आणि तिच्यामागून सगळ्या तरण्या. नेस्टाचे दोन्ही कुत्रे आडवे गेले, तर त्यांच्या अंगावरून उड्या मारून टोळी सरळ हावोद लासच्या कोंडवाड्यात घुसली. आत जाऊन वळली आणि घरी पोचल्यासारखी शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. काळीने पुढे येऊन त्याच्या खिशात तोंड घातलं.

एल्वेदच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते त्याने गिळलं. एल्वेदने बोलणं गिळलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

नेस्टा चालत आली. धावत आली असती तर इथेलला सोपं गेलं असतं.

"खिशात काय आहे, काका?"

"थोडी पेंड... परत पाठवायला. पेरो चालत नाही ना आता. ओढ्यापर्यंत न्यायचो मी."

"ओढ्यापर्यंत की ओढ्यापार?"

इथेलने खाली पाहिलं. काळी त्याचा हात चाटत होती.

"आणि शीळ कुठली घालत होता? तुमचीच ना? हावोद लासची?"

"दुसरी येत नाही गं मला."

"तुम्ही त्यांना परत पाठवत नव्हता, काका. बोलवत होता." तिचा आवाज चढला नव्हता. "अख्ख्या डोंगराला माहीत आहे, मेंढीला जिथे पेंड मिळते तिथे ती राहते. शेंबड्या पोराला कळतं. तुम्हाला कळलं नाही?"

कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. सकाळी कुणीतरी आपल्यासाठी खडकापाशी थांबलेलं असतं, याची त्याला इतकी भूक लागली होती की कळलेलं त्याने बाजूला सारलं. हे त्याला तिला सांगायचं होतं. पण आजूबाजूला माणसं होती, आणि त्याला इतकी लाज वाटत होती की तोंडातून भलतंच निघालं.

"मी योजना सोडतो. पुन्हा मेंढ्या घेतो. हद्द राखायला. उद्याच जातो बाजारात."

"कुठल्या मेंढ्या?" नेस्टा म्हणाली. "बाजारातल्या? त्यांना या डोंगराचं काय माहीत? तुमच्याकडे होत्या, काका. ज्यांना माहीत होतं त्या तुम्ही विकल्यात."

एल्वेदसुद्धा आपल्या बुटांकडे बघत होता.

"बाबा असते तर तुम्हाला ओढ्यात ढकललं असतं त्यांनी," ती म्हणाली.

"ढकललं असतं. मग हात देऊन बाहेरही काढलं असतं."

"मी आज हात नाही देणार."

तिने बाहीने तोंड पुसलं आणि भिंतीवर बसली. कोंडवाड्यातल्या मेंढ्या मोजल्या. मग हिशेबीपणे, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी बोलली. "हिवाळ्याच्या आत या माझ्या बाजूला स्थिरावल्या तर स्थिरावल्या. नाहीतर विकाव्या लागतील. आणि तरण्या गेल्या की पुढचा कळप कुठून येणार? मग मीही बोलवते त्या हेलेदला. म्हणते, माझाही डोंगर रिकामाच आहे, काय द्याल?"

"मी काय करू, ते सांग. सांगशील ते करतो."

"काहीच करू नका."

"म्हणजे?"

"डोंगरावर येऊ नका. पेंड नाही, शीळ नाही. त्या तुमच्या फाटकाशी येऊन ओरडल्या तरी त्यांना तोंड दाखवू नका. मी रोज येऊन वळवून नेईन. तुम्ही दिसलाच नाहीत तर विसरतील. एवढंच करा माझ्यासाठी."

तो 'बरं' म्हणाला. एवढं सोपं 'बरं' त्याने आयुष्यात कधी इतक्या जड जिभेने उच्चारलं नव्हतं.

दिवसभर लोकर कातरली गेली. संध्याकाळी पन्त मौरच्या लांब टेबलावर रिवाजाप्रमाणे सगळे जेवायला बसले. सावडीला आलेला माणूस उपाशी जात नाही, भांडण असलं तरी. नेस्टाने इथेलच्या पुढ्यातही मटणाच्या रश्श्याचा वाडगा ठेवला, काठोकाठ भरलेला. तो खाली मान घालून जेवला आणि सगळ्यांच्या आधी उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आल्या. हावोद लासच्या अंगणामागे डोंगराकडे उघडणारं फाटक आहे, तिथे. नव्याने कातरलेल्या, बारीक, उघड्या-बोडक्या. पुढे काळी. आधी एकीने हाक दिली, मग सगळ्यांनी.

इथेल स्वयंपाकघरात उभा होता. पेरोने कान टवकारून त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीपाशी गेला, मागे आला, बूट घातले, काढले, पुन्हा खिडकीच्या बाजूला भिंतीला चिकटून उभा राहिला, जिथून बाहेरून कुणाला दिसला नसता. तेग्वेनने रेडिओचा आवाज वाढवला. बातम्यांमध्ये कुणीतरी शेतीविषयीच बोलत होतं, तेव्हा तिने स्टेशन बदललं आणि गाणी लावली. गाण्यांच्या वरून मेंढ्या ऐकू येत होत्या.

"नेस्टा येईलच," ती म्हणाली.

"हं."

"इथेल, तुझे ओठ."

त्याचे ओठ शिळेसाठी जमले होते. त्याने हाताने तोंड पुसलं. ते पुन्हा जमले. बाहेर काळी आता एकटीच ओरडत होती, वर मान करून, जरा चिडून, उशीर केल्याबद्दल माणसाला रागवावं तशी. वरच्या कड्यावर नेस्टाचे कुत्रे दिसले, पण अजून लांब होते. एक शीळ. घातली तर काळी गप्प झाली असती. तेवढ्यापुरतीच.

इथेलने टेबलावरच्या मनुकांच्या पावाचा जाडजूड तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आणि शीळ फुटायला तोंडात जागा राहिली नाही. तेग्वेनने दुसरा तुकडा कापून तयार ठेवला.

कुत्रे पोचले. ओरडणं तुटक झालं, फाटकापासून सरकलं, उतारावर चढत लांब गेलं. सगळ्यांत शेवटी एकच आवाज उरला होता आणि तो कुणाचा हे त्याला ठाऊक होतं. मग तोही ओढ्याकडे वळला.

तेग्वेनने खुर्ची ओढली, पाठ खिडकीकडे येईल अशी.

"बस," ती म्हणाली.

पाव अजून गिळला गेला नव्हता. इथेल बसला.